तंबूत लाइट नाही: सोबत किती वीज न्यायची आणि कशातून

दिवाळीची सुटी संपत आली की मला ठरलेले फोन यायला लागतात. "भंडारदऱ्याला चाललोय, दोन रात्री. कुठली पॉवर बँक घेऊ?" किंवा "पॉवर स्टेशन मागवलंय, पाचशेचं. पुरेल ना?" पॉवर स्टेशन म्हणजे घरच्यासारखी सॉकेट असलेली बॅटरीची मोठी पेटी. पाचशे काय, असं विचारलं की पलीकडे शांतता. वस्तू आधी घरात येते आणि हिशेब मागाहून होतो, तोही बहुतेक वेळा रात्री तीन वाजता, अंधारात.

मी स्वतः यातून गेलोय. तीन वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबू ठोकून होतो. बरोबर काका होते. त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, म्हणून रात्री नाकातोंडातून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन लागतं. मी मोठ्या रुबाबात खोक्यावर '५०० वॅट, ८०,००० एमएएच' असं ठळक छापलेलं पॉवर स्टेशन आणलं होतं. संध्याकाळी कुणीतरी त्याला इलेक्ट्रिक किटली जोडली, तर ते एकदम बंदच पडलं. तेव्हा हसून सोडून दिलं. काका पावणेबाराला झोपले. तीन वाजायच्या आत मशीन गप्प. उरलेली रात्र काका शेकोटीपाशी बसून आणि मी त्यांच्यासमोर मान खाली घालून. सकाळी पेटी उलटी केली तर तळाला बारीक अक्षरात खरा आकडा होता: २९६ वॅट-अवर. पाचशे हा आकडा खोटा नव्हता, फक्त तो मला हव्या असलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हता.

तेव्हा खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. खरेदी पाचव्या पायरीवर आहे, त्याआधी नाही.

## आधी दोन शब्द पक्के करा

वॅट म्हणजे घास केवढा. वॅट-अवर म्हणजे डब्यात एकूण जेवण किती. पाच वॅटचा दिवा चार तास जळला की वीस वॅट-अवर संपले. हजार वॅटची शेगडी त्याच वीस वॅट-अवरांचा फडशा सव्वा मिनिटात पाडते.

एमएएच (मिलिअँपिअर-अवर) हा तिसरा आकडा, आणि सगळा गोंधळ तोच घालतो. तो एकटा काहीच सांगत नाही, त्याला व्होल्टने गुणावं लागतं. पॉवर बँकेच्या आतले सेल ३.७ व्होल्टचे असतात, म्हणून:

२०,००० एमएएच × ३.७ ÷ १००० = ७४ वॅट-अवर.

यातलेही सगळे हातात येत नाहीत. ३.७ व्होल्टचे ५ किंवा ९ व्होल्ट करताना काही वीज उष्णता होऊन जाते. यूएसबीच्या भोकातून बाहेर येतात साधारण ६० वॅट-अवर. पुढचा सगळा हिशेब मी या 'बाहेर येणाऱ्या' विजेतच केला आहे.

## पायरी १: काय काय चालवायचं ते कागदावर लिहा

फोनमध्ये नको, कागदावरच. घरातल्या प्रत्येकाला विचारा, कारण तंबूत पोचल्यावर "माझं घड्याळ पण चार्ज करायचंय" असं निघतंच.

ज्या वस्तूत स्वतःची बॅटरी आहे तिची बॅटरी मोजा. ५००० एमएएचचा फोन ३.८५ व्होल्टने गुणला की १९ वॅट-अवरच्या आसपास येतो. चार्ज होताना थोडं वाया जातं, तेव्हा एका पूर्ण चार्जिंगला २५ धरा. मिररलेस कॅमेऱ्याच्या बॅटरीला १५ ते २०. लॅपटॉपच्या बॅटरीवर वॅट-अवरचा आकडा छापलेलाच असतो, सहसा ४० ते ७०.

जी वस्तू सतत चालते तिचे वॅट बघा आणि तासांनी गुणा. यूएसबी पंखा पाचेक वॅट, तंबूतला एलईडी दिवा तीन ते पाच वॅट. वॅट लिहिलेले नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करा. हा आकडा जास्तीत जास्त किती लागेल तो असतो, रोजची भूक त्याहून कमी. नेमका आकडा हवा असेल तर सॉकेट आणि वस्तू यांच्यामध्ये लावायचं छोटं वॅट-मीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. सीपॅपसारख्या मशीनसाठी ते जरूर वापरा.

चौघांचं कुटुंब, दोन रात्री, गाडीने भंडारदरा. त्यांची पहिली यादी अशी आली:

- चार फोन, प्रत्येकी दोनदा: २०० वॅट-अवर
- एक दिवा, ५ वॅट, रोज चार तास: ४०
- दोन यूएसबी पंखे, ५ वॅट, रात्रभर आठ तास: १६०
- कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या: ३०

बेरीज ४३०. हा आकडा घेऊन दुकानात गेलात तर पाच-सहाशे वॅट-अवरची पेटी घेऊन याल.

> तपासा: यादीत 'गरम करणारी' एखादी वस्तू आहे का? किटली, इंडक्शन, हेअर ड्रायर, इस्त्री? असली तर खोडा. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायला ८७ वॅट-अवर लागतातच, तो निसर्गनियम आहे, त्यात घासाघीस नाही. वरची गळती धरून शंभर म्हणा. एका लिटरच्या चहात चार फोन गेले. चहा गॅसच्या छोट्या स्टोव्हवरच करा.

## पायरी २: यादी कापा

इथे लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात.

फोनला रतनवाडी किंवा साम्रदसारख्या ठिकाणी रेंज धड नसते. रेंज शोधत राहणं हे फोनचं फार खाऊ काम. खिशात नुसता पडलेला फोन संध्याकाळपर्यंत निम्मा होतो तो त्यामुळे. गटात एकच फोन चालू ठेवा, बाकीचे एअरप्लेन मोडवर टाका. फोटो त्यातही निघतात, जीपीएसही चालतो, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवलेला हवा. घरून शंभर टक्के भरून निघालात तर चार फोनांना दोन दिवसांत मिळून चारच चार्जिंग पुरतात. २०० चे १०० झाले.

पंखे? डिसेंबरात भंडारदऱ्याला रात्री गोधडी लागते. पंखे यादीत आले कारण कुणीतरी मे महिन्यात दिवेआगरच्या किनाऱ्यावर तंबूत घामाघूम झालं होतं. ऋतू बघून यादी करा. १६० चे शून्य.

दिवा आणि कॅमेरा राहू द्या. नवी बेरीज: १०० + ४० + ३० = १७०. त्यात चतुर्थांश जादा धरा, कारण दवाने, थंडीने, विसरभोळेपणाने काहीतरी जातंच. साधारण २१० वॅट-अवर.

हेडटॉर्च मी मुद्दाम या बेरजेत धरत नाही. तो प्रत्येकाचा वेगळा, स्वतःच्या सेलवर चालणारा, जादा सेलांसकट. सगळ्या विजेचं जे व्हायचं ते होवो, रात्री तंबूबाहेर पाय टाकताना पुढ्यात उजेड हवा. सह्याद्रीत फुरसं काय फक्त पावसाळ्यात निघत नाही. आमच्या आजीच्या तोंडी 'बॅटरी' म्हणजे टॉर्चच होता, आणि तिचा क्रम बरोबर होता.

## पायरी ३: ही वीज कोण वाहणार?

पाठीवर: पाचनईहून हरिश्चंद्रगड चढायचा असेल तर पर्याय एकच, पॉवर बँक. २०,००० एमएएचची पॉवर बँक चारशे ग्रॅमच्या आसपास भरते. पॉवर स्टेशनमध्ये अडीच-तीनशे वॅट-अवरचं छोटं घेतलं तरी तीन-चार किलो असतं. ते वर नेणारा माणूस दुसऱ्या वेळी तुमच्याबरोबर येत नाही.

गाडीत: गाडी तंबूपर्यंत जात असेल तरच 'गाडीत' म्हणा. जलाशयाकाठच्या कित्येक जागी शेवटचा अर्धा किलोमीटर चालत उतरावं लागतं. हजार वॅट-अवरचं पॉवर स्टेशन अकरा ते चौदा किलोचं असतं, आणि उतरताना जे सोपं वाटतं ते परतताना तुम्हालाच चढवायचं असतं.

विमानात: केदारकंठ्याला किंवा संदकफूला निघालेल्यांसाठी. १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, १६० च्या पुढे बंदी. आणि ती फक्त हातातल्या सामानात, चेक-इन बॅगेत कधीही नाही. २७,००० एमएएच म्हणजे ९९.९ वॅट-अवर, म्हणून तो आकडा बाजारात इतका दिसतो. पॉवर बँकेवर आकडा पुसट झाला असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. पॉवर स्टेशन विमानाने न्यायचा विचारच सोडा.

## पायरी ४: साधनाचा प्रकार ठरवा

पॉवर बँका. वरच्या कुटुंबाला २१० वॅट-अवर हवे होते. एका बँकेतून ६०, म्हणजे चार बँकांतून २४०. चौघांच्या चार, ज्याची त्याच्याकडे. माझं मत विचाराल तर दोन रात्रींच्या साध्या कॅम्पिंगला याहून मोठं काही घेऊच नये. एक बिघडली तर तीन उरतात. पेटी बिघडली तर काहीच उरत नाही.

पॉवर स्टेशन. कधी घ्यावं? सीपॅप असेल, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज असेल, लॅपटॉपवर काम करायचं असेल किंवा आठ-दहा जणांचा गट असेल तर. वर्षातून एकदाच जाणार असाल तर आधी भाड्याने मिळतं का ते विचारा.

गाडीची बॅटरी. चालत्या गाडीत फोन चार्ज करा, त्यात काही वावगं नाही. पण गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून रात्रभर दिवे लावू नका. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते आणि ती स्टार्टरला एक जोरदार झटका द्यायला बनवलेली असते, हळूहळू रिकामी व्हायला नाही. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर धक्का मारायला उतार शोधत बसाल. डॅशबोर्डवरच्या सिगारेट-लायटरच्या भोकाला सहसा १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे १२० ते १८० वॅट. चारशे वॅटचा इन्व्हर्टर (बॅटरीच्या विजेची घरच्यासारखी वीज करणारा डबा) त्यात खुपसला की पहिल्यांदा जातो तो फ्यूज.

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी. दर उन्हाळ्यात एकजण तरी हे विचारतो. नको. दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी दोन माणसांनी उचलावी लागते, कलंडली तर आम्ल सांडतं, आणि लेड-अॅसिडला निम्म्याहून खाली वारंवार उतरवलं की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. छापलेल्या आकड्याचे निम्मेच आपले, असं धरून चाला.

पेट्रोलचा जनरेटर. तीस-चाळीस जणांच्या शिबिराला, मोकळ्या जागी, ठीक. कुटुंबाला नको. हरिश्चंद्रगड, रतनगड, भंडारदऱ्याचा परिसर हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, तिथे तर नावच काढू नका.

> धोका: जनरेटर तंबूत, तंबूच्या पडवीत किंवा गाडीच्या डिकीत कधीही चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस जागाच होत नाही. किमान २० फूट लांब, धुराड्याचं तोंड तंबूंच्या उलट दिशेला, पेट्रोल फक्त इंजिन बंद करून गार झाल्यावर. बंद गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपण्यालाही हेच लागू.

## पायरी ५: खरेदी, म्हणजे खोक्यापेक्षा तळ वाचा

ठळक अक्षरं विकण्यासाठी असतात, बारीक अक्षरं वाचण्यासाठी. वस्तू हातात घ्या, उलटी करा.

वॅट-अवर. सापडला नाही तर दुकानदाराला विचारा. त्यालाही सांगता आला नाही तर दुसरी वस्तू बघा. पॉवर बँकेवर 'रेटेड कपॅसिटी' असा दुसरा, लहान आकडा असतो. २०,००० च्या बँकेवर तो पाच व्होल्टला १२,००० च्या आसपास दिसला तर घाबरू नका. उलट तो छापणारा प्रामाणिक.

वजन. ही युक्ती रस्त्यावरच्या गाड्यासमोर फार कामाला येते. चांगल्या लिथियम सेलांत किलोमागे दोनशे ते अडीचशे वॅट-अवर मावतात. ५०,००० एमएएच म्हणजे १८५ वॅट-अवर, तेव्हा नुसते सेलच पाऊण किलोच्या घरात हवेत. '५०,०००' लिहिलेली बँक तळहातावर साबणाच्या वडीसारखी हलकी लागली तर आत काय आहे ते उघडून बघायची गरज नाही.

सतत वॅट आणि क्षणिक वॅट. पॉवर स्टेशनवर दोन्ही असतात. क्षणिक आकडा एखाद-दोन सेकंदांचा. तुमची वस्तू पहिल्या आकड्यात बसली पाहिजे. फ्रिज आणि मोटारवाल्या वस्तू सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट ओढतात, त्यांच्यासाठी दुसरा.

सेलचा प्रकार. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, जड असतो पण दोन-तीन हजार वेळा भरता-रिकामा करता येतो आणि तापला तरी तुलनेने शांत राहतो. एनएमसी (निकेल, मँगनीज, कोबाल्टचा लिथियम सेल) हलका, पण पाचशे ते हजार वेळांत थकतो. गाडीत न्यायचं पॉवर स्टेशन असेल तर मी डोळे झाकून एलएफपी म्हणेन. एक मेख मात्र आहे: शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज करायचं नाही. सह्याद्रीत ही वेळ येत नाही, स्पिती-लडाखला गाडीने जाणाऱ्यांवर येते.

प्युअर साइन वेव्ह. घरातल्या लाइटसारखी स्वच्छ लहर. स्वस्त पेट्यांत 'मॉडिफाइड' असते, तिच्यावर पंखा गुरगुरतो, काही चार्जर तापतात. वैद्यकीय मशीन असेल तर प्युअरशिवाय घेऊ नका.

बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का. पॉवर बँकेला तो सक्तीचा आहे. शिक्क्याखाली 'आर' आणि पुढे आठ आकडे असतात. बीआयएस केअर नावाच्या सरकारी अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की कुठल्या कंपनीच्या कुठल्या वस्तूला तो मिळालाय ते दिसतं. दुकानातच, पैसे देण्याआधी टाका. मी एकदा टाकला तर तो क्रमांक निघाला भलत्याच कंपनीचा.

केबल. साधी टाइप-सी केबल ६० वॅटपर्यंतच नेते. ६५ किंवा १०० वॅटच्या लॅपटॉपला १०० वॅटची म्हणून विकली जाणारी केबल हवी. पेटी दमदार आणि केबल मरतुकडी, हे चित्र मी दर मोसमात बघतो.

> तपासा: पायरी २ चा आकडा ÷ ०.८५ (पेटीतले साधारण पंधरा टक्के वाटेतच जातात). पॉवर स्टेशनच्या तळावरचा वॅट-अवर आकडा याहून मोठा आहे? २१० ला २५० च्या आसपास पुरतं. दुप्पट आकार घेण्यात शहाणपण नाही, फक्त वजन आहे.

### सीपॅप असणाऱ्यांसाठी थोडं जास्त

काकांच्या रात्रीचा हिशेब मी नंतर मांडला. मशीन ह्युमिडिफायरसकट (हवा ओलसर करणारा भाग) साधारण ७० वॅट ओढत होतं. त्यात पॉवर स्टेशनचा स्वतःचा इन्व्हर्टर, काही न करता नुसता चालू राहायला, दहाएक वॅट खात होता. झाले ८०. २९६ मधले बाहेर येणारे अडीचशे. भागाकार करा: तीन तास आणि काही मिनिटं. काका पावणेबाराला झोपले होते. यंत्राने चोख हिशेब दिला, मीच तो मांडला नव्हता.

आता आम्ही काय करतो? डॉक्टरांना विचारून कॅम्पिंगच्या दोन रात्री ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी बंद ठेवतो. तसं केल्यावर काकांचं मशीन ३० वॅटच्या आत राहतं. ३० वॅट, आठ तास, दोन रात्री: ४८० वॅट-अवर. दुसरं, मशीनच्या कंपनीचा डीसी (थेट बॅटरीच्या विजेवर चालणारा) अडॅप्टर घेतला, जो पॉवर स्टेशनच्या बारा व्होल्टच्या भोकाला थेट लागतो. इन्व्हर्टर वगळला की त्याची रात्रभराची खादाडीही गेली. डीसीवर पावणेसहाशेच्या पेटीत भागतं, तेच एसीवर, म्हणजे घरच्यासारख्या सॉकेटवर चालवायला सातशेच्या वर लागते.

आणि 'इको मोड' बंद करा. कित्येक पेट्या भार फार कमी दिसला की वाचवायच्या नादात आपणहून बंद होतात. फोनसाठी ठीक, श्वासाच्या मशीनसाठी नाही.

## पायरी ६: परत भरायची सोय

दोन रात्रींपर्यंत भरून नेलेलं पुरतं. तिसरी रात्र आली की हा प्रश्न येतो.

गाडी. सगळ्यात खात्रीचा मार्ग, आणि लोक तोच विसरतात. पॉवर स्टेशन बारा व्होल्टच्या भोकातून साधारण १०० वॅटने भरतं. मुंबईहून भंडारदऱ्याला चार तास धरा: कागदावर ४००, हातात ३०० ते ३५०. निघतानाच जोडा. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून भरत बसणं मात्र पेट्रोल जाळणं आहे.

सौर पॅनेल. १०० वॅटचं घडीचं पॅनेल स्वच्छ उन्हात भर दुपारी ६०-७० वॅट देतं. कंपनी शंभर मोजते ते २५ अंशांच्या पॅनेलवर. उन्हात पॅनेल तव्यासारखं तापतं आणि जितकं तापेल तितकं कमी देतं. दिवसाचे चार चांगले तास धरले तर अडीचशे वॅट-अवर. पण ते चार तास कुणीतरी तंबूपाशी हवं, आणि त्याच वेळी तुम्ही रतनगडावर असता. पाठीवरच्या सॅकला पॅनेल बांधून चालणारे दिसतात. ऊन एकीकडे, पाठ दुसरीकडे, वर झाडांची सावली. त्यातून फोटो छान येतो, वीज येत नाही.

पॅनेल लावायचंच तर असं लावा:

१. ते जमिनीवर आडवं पसरू नका. डिसेंबरात भंडारदऱ्याला दुपारीसुद्धा सूर्य डोक्यावर नसतो, क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. पॅनेल दक्षिणेला तोंड करून चाळीस-पंचेचाळीस अंश उभं करा.
२. तंबूच्या दोरीची किंवा एका फांदीची सावलीसुद्धा पडू देऊ नका. सेल एकामागे एक जोडलेले असतात, एकाने वाट अडवली की मागचे सगळे तुंबतात.
३. पॅनेल उन्हात, पेटी सावलीत. लांब केबल घ्या.
४. दर दीड-दोन तासांनी सूर्याकडे वळवा.

> धोका: पॉवर स्टेशनच्या सौर भोकाला व्होल्टची कमाल मर्यादा असते, छोट्या पेट्यांत ती पंचवीस-तीसच्या आसपासही असते. घराच्या छतावरचं मोठं पॅनेल मोकळं असताना चाळीसच्या वर देतं. ते जोडलं तर पेटी कायमची जाऊ शकते. दोन पॅनेल एकामागे एक जोडली तरी व्होल्ट दुप्पट. आधी दोन्हींवरचे आकडे जुळवा.

जून ते सप्टेंबर सौर पॅनेल घरी ठेवा.

## पायरी ७: घरी रंगीत तालीम

निघायच्या आठवडाभर आधी, एका रात्रीपुरती. ही टाळलीत तर वरचं सगळं वाचून फायदा नाही.

पेटी पूर्ण भरा. संध्याकाळी सातला यादीतल्या वस्तू त्याच केबलनी जोडा ज्या सोबत नेणार आहात. दर दोन तासांनी टक्केवारी कागदावर लिहा. सकाळी यादीच्या हिशेबाशी पडताळा. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक चालेल, दुप्पट असेल तर यादीत काहीतरी चुकलंय.

या रात्री तीन गोष्टी हमखास उघड्या पडतात. एक, पॉवर बँक छोटा एलईडी दिवा काही मिनिटांत बंद करते, कारण तिला वाटतं काही जोडलेलंच नाही. काही बँकांवर बटण दोनदा दाबून कमी भाराचा मोड सुरू होतो, नसेल तर दिव्याबरोबर फोनही लावा. दोन, कुणाचा तरी चार्जर तीन पिनांचा निघतो. तीन, जुनी पॉवर बँक फुगलेली सापडते. टेबलावर ठेवल्यावर डुलत असेल तर तिचं आयुष्य संपलं. ती चार्ज करू नका, टोचू नका, ई-कचऱ्यात द्या.

## पायरी ८: तिथे पोचल्यावर

पेटी तंबूच्या आत, कोपऱ्यात, लाकडी फळीवर किंवा उलट्या टोपलीवर. जमिनीवर नको, पहाटे दवाने सगळं ओलं असतं. बहुतेक पॉवर स्टेशनांना पाण्यापासून काही संरक्षण नसतं, आणि मे महिन्यातला वळीव विचारून येत नाही. वर गोधडी टाकून झाकू नका, पंख्याची जाळी मोकळी हवी.

उन्हात उभ्या गाडीत काही ठेवू नका. ४५ अंशांवर लिथियमला चार्जिंग सोसत नाही, आणि बंद गाडी त्याच्याही पुढे जाते.

चार्जिंग संध्याकाळी, जागे असताना, डोळ्यांसमोर. झोपण्याच्या पिशवीवर फोन चार्जिंगला लावून झोपणं ही सगळ्यात सर्रास चूक आहे. नायलॉन आणि तापलेला चार्जर यांची गाठ घालू नका. पेटीच्या एसी सॉकेटचं बटण काम संपताच बंद.

एकाला वीजवाटपाचं काम द्या. आमच्याकडे ते भाचीकडे आहे, ती अकरा वर्षांची. वहीत लिहून घेतल्याशिवाय कुणाला केबल देत नाही, मलाही नाही.

थंडीच्या ठिकाणी फोन आणि पॉवर बँक रात्री झोपण्याच्या पिशवीत, अंगाशी. आणि काजव्यांच्या दिवसांत, मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, भंडारदऱ्याला जात असाल तर हेडटॉर्चचा लाल दिवा वापरा, बाकी उजेड बंद. तेवढी वीजही वाचते.

## पायरी ९: परत आल्यावर

दव पुसा, भोकांतली धूळ फुंका. पेटी शंभर टक्के भरून कपाटात टाकू नका, रिकामीही नको. निम्म्यावर ठेवा, दर तीन महिन्यांनी बघा, उतरली असेल तर पुन्हा निम्म्यावर आणा. कॅलेंडरवर खूण करा, लक्षात राहत नाही.

केबल, अडॅप्टर, हिशेबाचा कागद एकाच पिशवीत ठेवा आणि ती पिशवी पेटीच्या मुठीला बांधा. काकांचा डीसी अडॅप्टर एकदा घरी राहिला होता. इगतपुरीहून मागे फिरलो.